पडलेल्या माणसाची चौकशी

कारखान्यात कामगार पडून जखमी झाला, की दुसऱ्या दिवशी एक छापील कागद भरला जातो. त्यात नाव, हजेरी क्रमांक, खाते, पाळी आणि वेळ यांचे रकाने असतात, आणि सर्वांत शेवटी ‘अपघाताचे कारण’ असा एक रकाना असतो. आमची तीस वर्षे हे कागद वाचण्यात गेली. त्या शेवटच्या रकान्यात वारंवार आढळणारा शब्द एकच : निष्काळजीपणा. फरशीवर तेल सांडले होते, शिडीची पायरी सैल होती, दिवा आठ दिवस गेलेला होता, या गोष्टी मागाहून भांडून काढाव्या लागतात. पहिला ठपका पडलेल्या माणसाच्याच अंगावर येतो. १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्याने एवढे तरी केले, की नुसत्या निष्काळजीपणाकडे बोट दाखवून मालकाला हात वर करता येईनासे झाले.

म्हातारे माणूस घरात पडते तेव्हा असा कागदही कोणी भरत नाही. मोरीत पडले, जिन्यात पडले, रात्री लघवीला उठले आणि पडले. खुब्याचे हाड मोडते, रुग्णवाहिका येते, शस्त्रक्रिया होते, आणि भेटीला येणारा प्रत्येक जण सांगून जातो, ‘वय झालं, चालायचंच.’ आम्हांला हे ‘वय झालं’ ऐकले की कारखान्यातला तो शेवटचा रकाना आठवतो. निष्काळजीपणा म्हणा की वय म्हणा, दोन्ही शब्दांनी चौकशी सुरू होण्याऐवजी बंद होते.

ही चौकशी वैद्यकाने कशी कशी केली, कोठे अडली, आणि आपल्या पुण्याचा तिच्याशी काय संबंध आला, एवढाच आजचा विषय आहे. आम्ही डॉक्टर नव्हे. वाचनालयातून पुस्तके आणून आणि जाणत्यांना विचारून जे कळले ते सांगत आहोत. हा खटाटोप आम्ही का केला, तेही ओघात येईल.

प्रथम हाडांविषयी. हाडांच्या बाबतीत आपले पूर्वज कच्चे नव्हते. सुश्रुताने सांधा निखळण्याचे सहा आणि हाड मोडण्याचे बारा प्रकार सांगितले आहेत. वड, उंबर, पिंपळ, पळस अशा झाडांच्या साली आणि बांबूच्या कांबी बांधून मोडलेले हाड स्थिर करण्याची त्याची रीत होती. मांडी किंवा कंबर मोडली तर रोग्याला फळीवर निजवून, बाजूंना खुंट्या ठोकून, त्याला हलू देऊ नये असे त्याने लिहिले आहे. सगळ्यांत डोळस निरीक्षण वयासंबंधीचे आहे. लहान वयात जे हाड एका महिन्यात सांधते, त्याला मध्यम वयात दुप्पट आणि उतारवयात तिप्पट काळ लागतो, असा त्याचा हिशेब आहे. म्हाताऱ्या माणसाचे हाड हा निराळा प्रश्न आहे, हे त्याला ठाऊक होते.

युरोपात ही गोष्ट शास्त्रात नीट मांडली ती लंडनच्या ॲस्टली कूपर या शस्त्रवैद्याने, १८२२ च्या ग्रंथात. मांडीच्या हाडाची मान मोडलेले जे रोगी त्याच्याकडे येत, त्यांत म्हाताऱ्या बायका फार. आणि मोडायला कारण म्हणावे तर अगदी क्षुल्लक : पदपथाच्या कडेवरून पाय घसरला, एवढेच. सांध्याच्या वेष्टनाच्या आत मोडलेले हे हाड सांधत नाही, असा त्याचा अनुभव होता. म्हणून हाड जुळवण्याच्या नादाने म्हातारीला महिनोन् महिने अंथरुणात खिळवून मारण्यापेक्षा तिला लवकर बसती करावी, कुबड्या द्याव्यात, असे त्याचे मत होते. आम्हांला हा माणूस शहाणा वाटतो. त्यानंतर शंभर वर्षांनी बोस्टनच्या स्मिथ-पीटरसनने तीन पाती असलेला पोलादी खिळा ठोकून हे हाड जोडून दाखवले. त्याचा वृत्तांत १९३१ मध्ये छापला गेला. १९६२ च्या सुमारास इंग्लंडात जॉन चार्नली याने कृत्रिम खुब्याची रचना पक्की केली. आज पुण्यात खुबा मोडलेल्या सत्तर-ऐंशी वर्षांच्या माणसाला शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उभे करतात. हाडाचा इतिहास हा असा चढत्या पायऱ्यांचा आहे.

तरीही खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी निदान पाचांतला एक वर्षाच्या आत दगावतो, असा देशोदेशींचा अनुभव आहे. आणि जे वाचतात त्यांतले कित्येक पुन्हा पडतात. हाड जोडले, पण ज्या कारणाने माणूस पडला ते कारण घेऊन तो घरी परत गेला.

आता तोलाविषयी. ‘माधवनिदान’ या आपल्या जुन्या ग्रंथात भग्न म्हणजे हाड मोडणे एका प्रकरणात आहे आणि भ्रम म्हणजे चक्कर येणे दुसऱ्या. भ्रमाला मूर्च्छा, तंद्रा, निद्रा यांच्या पंक्तीला बसवले आहे, आणि त्याचे मूळ पित्तात आणि वातात शोधले आहे. आजही आमच्या घरांतून चक्कर आली की ‘पित्त झालं’ म्हणतात, ती याच विचाराची खूण आहे. दोन प्रकरणांतले ते अंतर आजच्या रुग्णालयांतही मोडलेले नाही. हाडाचा विभाग खालच्या मजल्यावर, कानाचा विभाग वरच्या, आणि मधला जिना रोग्याच्या केसपेपरने सहसा चढलेला नसतो.

आमच्या भाषेने मात्र या बाबतीत मोठी सोय करून ठेवली आहे. भोवळ वेगळी, अंधारी वेगळी, झोक जाणे वेगळे. भोवळ येते तेव्हा घर फिरते. अंधारी येते तेव्हा घर जागच्या जागी असते, पण डोळ्यांपुढून नाहीसे होते. झोक जातो तेव्हा घरही ठीक असते आणि डोळेही, पण पाय भलतीकडे पडतो. पहिली बहुधा कानाची तक्रार असते, दुसरी बहुधा रक्तदाबाची, तिसरी कानाची, मेंदूची किंवा पायांतल्या शिरांची. रोग्याने नुसते ‘चक्कर आली’ न सांगता यांतला नेमका शब्द सांगितला, तर डॉक्टरचे निम्मे काम होते.

भोवळ कानातून येते, ही गोष्ट माणसाला ठाऊक होऊन दोनशे वर्षेच झाली आहेत. १८२४ च्या सुमारास पॅरिसच्या फ्लूरांस या शास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग केले. कानाच्या अगदी आत, हाडात कोरलेल्या, तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. त्या ऐकण्यासाठीच असतील, असा तोवर समज होता. फ्लूरांसने यांतली एक नळी कापली. कबुतर ऐकत होते, पण त्याची मान एका दिशेने सारखी झुलू लागली. दुसरी कापली तर झुलण्याची दिशा बदलली. उलट ऐकण्याचा शंख काढून टाकला, तर कबुतर बहिरे झाले पण तोल शाबूत राहिला.

हा शोध चाळीस वर्षे प्रयोगशाळेतच पडून राहिला. रुग्णालयात चक्कर येऊन पडणाऱ्या माणसाला तेव्हाचे डॉक्टर ‘मेंदूत रक्त साकळले’ असे म्हणत आणि त्याचे रक्त काढत, त्याला जुलाब देत, उपाशी ठेवत. पॅरिसमध्ये प्रॉस्पर मेनिएर नावाचा डॉक्टर मूकबधिरांच्या संस्थेत वैद्य होता. बहिऱ्यांमध्ये वर्षानुवर्षे वावरल्यामुळे त्याच्या ध्यानात आले, की ज्यांना अशी घेरी येते त्यांच्यापैकी पुष्कळांच्या कानात आवाज होतात आणि ऐकणेही कमी होत जाते. मग दोष मेंदूत कशाला शोधायचा? जानेवारी १८६१ मध्ये त्याने हे वैद्यक अकादमीपुढे वाचले. मोठमोठ्यांनी माना हलवल्या, त्या नकारार्थी. पुढच्या वर्षी मेनिएर वारला. आज त्या रोगाला त्याचे नाव आहे.

ही व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये सुरू केली, हे इथल्या श्रोत्यांना सांगायला नकोच. त्याच वर्षी प्रागच्या एर्न्स्ट माख याचा गतीच्या संवेदनेवरील ग्रंथ निघाला. आगगाडी वळण घेत असताना बाहेरची घरे आणि झाडे तिरकी दिसतात, हे पाहून तो विचारात पडला होता. बोरघाटातून जाणाऱ्या प्रत्येकाने हे पाहिले आहे. विचारात पडणारे थोडे. त्याने, आणि त्याच सुमारास व्हिएन्नाच्या ब्रॉयर व एडिंबरोच्या क्रम ब्राउन यांनी स्वतंत्रपणे, असे मांडले की त्या नळ्यांतले पाणी हेच गतीचे मापक आहे. डोके फिरले की नळी फिरते, पाणी क्षणभर मागे राहते, आणि त्याच्या दाबाने आतली रोमयुक्त टोके वाकतात. फुगडी घालणाऱ्या मुलींना याचा अनुभव असतो. फुगडी थांबते, पाय थांबतात, पण अंगण फिरतच राहते, कारण कानातले पाणी अजून थांबलेले नसते.

यापुढची गोष्ट रॉबर्ट बारानी याची, आणि ती आम्हांला फार आवडते. व्हिएन्नाच्या रुग्णालयात हा तरुण डॉक्टर रोग्यांचे कान पिचकारीने धूत असे. एका रोग्याने सांगितले, की पाणी पुरेसे कोमट नसले म्हणजेच आपल्याला घेरी येते. बारानीने पाणी गरम करवले. ते इतके गरम झाले की रोगी पुन्हा ओरडला. पण या वेळी त्याचे डोळे उलट्या दिशेने झटके देत होते. बारानीला कोडे पडले, आणि ते सुटले न्हाणीघरातल्या बंबाच्या आठवणीने. बंब तापत असता खालचा भाग गार लागतो आणि वरचा चटका देतो, कारण ऊन पाणी वर चढते. कानातल्या नळीच्या एका बाजूला ऊब लागली की तेथले पाणी वर चढणार आणि गार लागले की खाली उतरणार. डोके जागचे न हलता कानाला वाटणार की आपण फिरलो. पुणेकरांनी तांब्याचे बंब शंभर वर्षे तापवले. त्यातून एखादा बारानी निघाला नाही, त्याला इलाज नाही. यातून प्रत्येक कानाचा तोल निरनिराळा तपासण्याची रीत निघाली. ती अजून वापरात आहे. बारानीला १९१४ चे नोबेल पारितोषिक जाहीर झाले तेव्हा तो रशियाच्या कैदेत युद्धबंदी होता. स्वीडनच्या राजपुत्राने रदबदली केली, तेव्हा १९१६ मध्ये त्याची सुटका झाली.

आता आपल्या पिंपरीकडे येऊ.

अमेरिकेत १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन सापडले. क्षयाच्या जंतूला मारणारे ते पहिले खरे औषध होय. शोध प्रत्यक्ष लावणारा अल्बर्ट शॅट्झ हा विद्यार्थी होता. नोबेल पारितोषिक मात्र १९५२ मध्ये त्याच्या प्राध्यापकाला, वॉक्समन यांना, एकट्यालाच मिळाले. शॅट्झने १९५० मध्येच कोर्टात जाऊन आपण सहसंशोधक असल्याचे मान्य करवून घेतले होते. (कामगार चळवळीतल्या माणसाला असे तपशील दृष्टीआड करता येत नाहीत.) औषध अपूर्व होते, पण पहिल्या काही वर्षांतच डॉक्टरांच्या ध्यानात आले, की ते कानाच्या आतल्या तोलाच्या पेशी मारते, आणि मेलेल्या पेशी पुन्हा उगवत नाहीत. ऐकू येणे बहुधा टिकते, म्हणून कोणाला संशय येत नाही. पुढे त्याचाच एक सुधारलेला प्रकार काढला, तर तो तोलाला सौम्य आणि ऐकण्याला मारक निघाला. तोल वाचवायला जावे तर माणूस बहिरा होऊ लागला.

१९५२ मध्ये एका अमेरिकन डॉक्टरने, आपल्या नावाची फक्त आद्याक्षरे देऊन, स्वतःची हकीकत वैद्यकीय नियतकालिकात लिहिली. त्याला हे औषध घ्यावे लागले होते. तोल गेल्यावर पलंगावर पडून वाचतानाही त्याची अक्षरे नाचत, कारण नाडीच्या ठोक्याने डोके जे किंचित हलते तेवढेही डोळ्यांना सावरता येत नव्हते. पलंगाच्या दोन गजांत डोके अडकवून तो वाचत असे. आपल्या कानाकडे हे काम केवढे आहे, ते गेल्यावर कळते.

भारतात क्षयाने काय हाहाकार केला, ते गिरणगावातल्या आणि आमच्या पेठांतल्या जुन्या माणसांना विचारावे. सरकारने १९५४ मध्ये पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना स्थापला. युनिसेफने यंत्रे दिली, जागतिक आरोग्य संघटनेने तज्ज्ञ दिले, आणि १९५५ मध्ये पेनिसिलिन निघू लागले. १९६२ मध्ये तेथेच स्ट्रेप्टोमायसिनचा विभाग सुरू झाला. त्याच वर्षी राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम सुरू झाला. परदेशी औषध विकत घेण्याची ज्याची ऐपत नव्हती, त्याला सरकारी दवाखान्यात सुई मिळू लागली. या औषधाने आणि त्याच्या जोडीच्या गोळ्यांनी असंख्य माणसे मरणाच्या दारातून परत आली, हे आधी मोठ्याने सांगितले पाहिजे. आम्ही त्या औषधावर फिर्याद करायला उभे नाही. ज्यांनी किंमत मोजली त्यांची नोंद कोठे झाली, एवढेच विचारत आहोत.

असे एक गृहस्थ आमच्या संघटनेत होते. आम्ही त्यांना मामा म्हणत असू. १९७८ मध्ये त्यांना क्षय झाला आणि त्यांनी कित्येक महिने रोज सुई घेतली. क्षय बरा झाला. ते पुन्हा कामावर आले. यंत्रावरचा हात इतका बेताचा आणि नेमका, की शिकाऊ पोरांना त्यांच्याकडे पाठवत. फक्त अंधारात ते भिंतीला धरून चालत. १९९६ च्या पावसाळ्यात रात्रपाळीला येताना, कारखान्याच्या फाटकाबाहेरचे दिवे गेलेले असता, ते झोकांड्या खात आले. पहारेकऱ्याने त्यांना अडवले आणि दारू पिऊन आल्याचा मेमो मिळाला. कारखान्याचे नाव घेण्याचे कारण नाही. कोणत्याही कारखान्यात हेच झाले असते. मामा शपथेवर सांगत होते, की आपण थेंब घेतलेला नाही. संघटनेतर्फे त्यांची बाजू आम्ही मांडली. आम्ही ती कशी मांडली, हे सांगताना आज शरम वाटते. ‘पहिलीच वेळ आहे, समज देऊन सोडावे,’ असा अर्ज आम्ही केला. म्हणजे ते प्यायले होते हे आम्हीही गृहीत धरले. समज देऊन सोडले. मामांनी त्यानंतर आमच्याशी या विषयावर शब्द काढला नाही.

२०२३ मध्ये, बहात्तराव्या वर्षी, इमारतीच्या जिन्यात दिवा गेलेला असताना मामा पडले आणि खुबा मोडला. शस्त्रक्रिया उत्तम झाली. घरी सोडताना दिलेल्या कागदावर पडण्याविषयी ‘घसरून पडले’ एवढे दोनच शब्द होते. चालवायला येणाऱ्या व्यायामतज्ज्ञ मुलीने एके दिवशी त्यांना आधार देऊन उभे केले आणि डोळे मिटायला सांगितले. डोळे मिटताच ते ओंडक्यासारखे कलले. तिने धरले म्हणून बरे. मग तिने त्यांना आपल्या नाकाकडे पाहायला सांगून त्यांचे डोके दोन्ही हातांनी हलकेच एकदम बाजूला वळवले, आणि डोळे डोक्याबरोबर वाहत गेलेले पाहून विचारले, ‘आजोबा, तुम्ही कधी क्षयाच्या सुया घेतल्या होत्या का?’ आम्ही शेजारी बसलो होतो. डोके वळवून पाहण्याची ती तपासणी सिडनीच्या हालमाजी आणि कर्थॉइज यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केली होती. तिला यंत्र लागत नाही, एक मिनिट लागते. म्हणजे आमच्या १९९६ च्या अर्जाच्या आठ वर्षे आधी ती जगाला ठाऊक होती. मामा पाचव्या महिन्यात छाती भरून गेले. त्यानंतर आम्ही वाचायला बसलो.

सुया १९७८ मध्ये घेतल्या आणि माणूस पडला २०२३ मध्ये, हे कसे, असा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचे उत्तर असे. माणसाचा तोल तिवईसारखा तीन पायांवर उभा असतो : एक कान, दुसरे डोळे, तिसरा पाय म्हणजे तळपायांना आणि सांध्यांना जमिनीची लागणारी जाण. एक पाय तुटला तर उरलेले दोन भार घेतात. मामा चाळीस वर्षे डोळ्यांनी आणि तळव्यांनी चालले. उजेडात कोणाला काही कळले नाही. अंधारात मात्र दुसरा पाय जाई आणि तिवई एका पायावर उभी राही. म्हातारपणी मोतीबिंदू येतो, मधुमेहाने तळवे बधिर होतात, मांड्या रोडावतात. जुन्या कर्जाची वसुली त्या वेळी होते. ज्यांनी कधी सुई घेतली नाही त्यांच्याही कानातल्या पेशी वयाबरोबर झडत असतात, फक्त सावकाश. अमेरिकेत २००१ ते २००४ या काळात चाळिशीपुढच्या ५,०८६ माणसांना मऊ गादीवर डोळे मिटून उभे करून पाहिले. शेकडा ३५ जणांना तोल सांभाळता आला नाही. ज्यांना तोल सांभाळता आला नाही आणि शिवाय चक्करही येत होती, त्यांच्यात पडण्याचा संभव इतरांच्या बारा पट आढळला. आपल्या देशात २०११ च्या खानेसुमारीत साठीपुढची माणसे दहा कोटींवर होती. त्यांच्यापैकी कितीजणांना कोणी असे उभे करून पाहिले असेल?

(घरी कोणी हा प्रयोग करू नये. शेजारी धरायला माणूस नसेल तर तपासणीच अपघात होईल.)

सगळ्या भोवळी मामांसारख्या असाध्य नसतात. उतारवयातली सर्वांत जास्त आढळणारी भोवळ तर काही मिनिटांत बरी होणारी आहे, आणि हेच आम्हांला अधिक टोचते. अंतर्कर्णात चुन्याचे अतिसूक्ष्म खडे एका पडद्यावर चिकटलेले असतात. वर कोणते आणि खाली कोणते, हे त्यांच्या वजनाने कळते. वयाने, कधी डोक्याला मार लागल्याने, हे खडे सुटतात आणि त्या अर्धवर्तुळाकार नळ्यांत जाऊन पडतात. मग अंथरुणात कूस बदलली, माळ्यावरचा डबा काढायला मान वर केली, देवापुढे वाकून उठले, की घर गरकन फिरते, आणि मिनिटाच्या आत थांबते. बारानीने १९२१ मध्ये असा रोगी वर्णिला. लंडनच्या डिक्स आणि हॉलपाइक यांनी १९५२ मध्ये त्याची तपासणी पक्की केली : रोग्याला बसवून, मान वळवून, झटकन मागे निजवायचे आणि डोळे पाहायचे. उपाय सापडायला आणखी वेळ गेला. अमेरिकेतल्या ऑरेगनच्या जॉन एप्ली या डॉक्टरने असा विचार केला, की खडे जर नळीत घरंगळून गेले असतील तर डोके क्रमाक्रमाने वळवून त्यांना घरंगळतच बाहेर काढता येईल. त्याच्या व्यवसायबंधूंनी वर्षानुवर्षे त्याची टर उडवली. १९९२ मध्ये त्याचा लेख छापला गेला. आज जाणता डॉक्टर हे पाच मिनिटांत करतो आणि बहुतेक रोग्यांची भोवळ एकदोन खेपांत जाते. शस्त्र नाही, गोळी नाही.

आमच्याकडे काय होते? चक्कर आली की मानेचे मणके झिजले असे ठरते आणि गळ्यात पट्टा येतो. नाहीतर चक्करीची गोळी सुरू होते आणि ती महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे, चालू राहते. अशा गोळ्या चार दिवसांसाठी असतात. फार दिवस घेतल्या तर मेंदूला नव्या तोलाची सवय करून घेऊ देत नाहीत, आणि काहींनी तर हातपाय जड होऊन माणूस जास्तच पडतो. औषधाच्या दुकानात मात्र त्या न मागता मिळाव्यात इतक्या सहज मिळतात.

या खड्यांचा आणि हाडांचा नात्याने संबंध असावा असेही दिसू लागले आहे. खडे चुन्याचे, हाडेही चुन्याचीच. ज्यांची हाडे ठिसूळ, त्यांच्यात ही भोवळ अधिक आढळते. कोरियात २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, ज्यांच्या शरीरात ड जीवनसत्त्व कमी होते त्यांना ते आणि कॅल्शियम दिले, तेव्हा भोवळ उलटण्याचे प्रमाण सुमारे पाव हिश्शाने घटले. तेव्हा कूपरच्या म्हाताऱ्या लंडनच्या पदपथावरून घसरत, त्यांतल्या कितींच्या कानात आधीच खडे सुटलेले असतील, असा विचार मनात येतो. कूपरने ते विचारले नाही. त्याच्या काळी विचारता येण्यासारखेही नव्हते. आज येते.

पुण्याच्या जुन्या वाड्यांत जिना काळोखा, अरुंद आणि खडा असे, पण वरून एक जाड दोर लोंबत असे. त्याला धरून आजीबाई ऐंशीव्या वर्षी माडीवर जात. वाडे पाडले, जिने रुंद झाले, आणि दोर गेला. नव्या घरांत आरशासारखी फरशी आली, मोरीत धरायला मात्र काही नाही. लोखंडी दांडा बसवायला सांगितला तर मुलगा म्हणतो, भिंतीच्या टाइल्स फुटतील. आम्ही वाड्यांचे गोडवे गात नाही. संडासाला रात्री अंगण ओलांडून जावे लागे, तेही आठवते. परंतु तो दोर ज्याने प्रथम बांधला, त्याला तिवईचा हिशेब हाताने कळला होता. डोळ्यांना उजेड नसेल तर हाताला आधार पाहिजे.

दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी इंग्लंडात डोक्याला मार लागून तोल गेलेल्या सैनिकांसाठी कॉथॉर्न आणि कुकसी या दोघांनी व्यायाम बसवले. आधी निजून डोळे हलवायचे, मग बसून मान, मग उभे राहून चेंडू एका हातातून दुसऱ्या हातात, मग चालणे, मग उतार आणि पायऱ्या. एकट्याने नव्हे तर घोळक्याने करायचे, कारण घाबरलेला माणूस चारचौघांत धीट होतो, असा त्यांचा अनुभव होता. मेलेल्या पेशी त्याने परत येत नाहीत, पण मेंदू उरलेल्यांवर काम भागवायला शिकतो. आमच्या संघटनेच्या खोलीत गेल्या वर्षापासून दर शनिवारी सायंकाळी निवृत्त कामगारांसाठी हा घोळका जमतो. तीच व्यायामतज्ज्ञ मुलगी येते. जिला-ज्याला भोवळ येते त्यांना ती आधी कानाच्या डॉक्टरकडे धाडते. आम्ही एक छापील कागद केला आहे. त्यात कधी पडलात, कोठे पडलात, उजेड होता का, घर फिरले की अंधारी आली, कोणत्या गोळ्या चालू आहेत, पूर्वी क्षयाच्या सुया घेतल्या होत्या का, असे रकाने आहेत. आतापर्यंत तो भरून देणाऱ्यांत सुया घेतलेले तिघे निघाले. दोघे-चौघे अजून गळ्यात पट्टा बांधूनच येतात आणि मानेचे मणकेच झिजलेत म्हणून आमच्याशी वाद घालतात. चेंडू मात्र झेलतात.